लिफ्ट केल्यावर स्टिअरिंगचा थरकाप: डॅम्पर बदलूनही तो परत का येतो

गाडी दोन इंच उचलली, टायर २९ इंचांवरून ३१ वर नेले आणि पहिले दोन महिने सगळं झकास चाललं. मग एके दिवशी सरळसोट डांबरी रस्त्यावर, काटा पंचाहत्तरवर असताना, पुलाच्या जोडावरून पुढचं डावं चाक गेलं आणि स्टिअरिंग हातातून सुटायला लागलं. नुसती थरथर नव्हती ती. पुढची दोन्ही चाकं डावी-उजवी अशी फडफडत होती की काचेवरचा मोबाइल होल्डरसकट खाली आला. वेग तिशीच्या खाली उतरल्यावर एकदम शांत, जसं काही झालंच नव्हतं.

गॅरेजवाल्याने डॅम्पर, म्हणजे स्टिअरिंगचे झटके शोषणारी नळी, बदलला. तीन महिने बरे गेले, मग परत तेच. दुसरा डॅम्पर लावला, मनगटाएवढा जाड. तो पाच महिने टिकला. तिसरा घ्यायच्या आधी मी स्वतः गाडीखाली शिरलो आणि तेव्हा कळलं की दोन्ही वेळा आपण दुखण्यावर पांघरूण घातलं होतं.

हे सगळं पुढे सलग ॲक्सल, म्हणजे दोन्ही चाकांना जोडणारा एकच आडवा दांडा, असलेल्या गाड्यांबद्दल आहे: सुझुकी जिप्सी आणि जिम्नी, जीप रँग्लर, २०१६ पर्यंत बनलेली जुनी लँड रोव्हर डिफेंडर, लँड क्रूझरच्या ७० आणि ८० मालिका, निसानची पॅट्रोल वाय ६१. पुढे दोन्ही चाकांचं सस्पेन्शन स्वतंत्र असलेल्या गाडीत अशी फडफड सहसा होत नाही. तिथे स्टिअरिंग थरथरलं तर कारणं वेगळी असतात.

आणि एक गोष्ट सगळ्यात आधी. चालत्या गाडीत हे सुरू झालं तर जोरात ब्रेक मारू नका. वजन पुढच्या चाकांवर येतं आणि फडफड वाढू शकते. स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरा, ॲक्सिलरेटर सोडा, गाडी आपोआप मंदावू द्या, मग कडेला घ्या. अंगठे स्टिअरिंगच्या आडव्या दांड्यांत अडकवून ठेवू नका. आडवाटेला गाडी चालवणाऱ्यांना ही सवय असतेच, इथेही ती कामाला येते.

नक्की कोणता थरकाप?

लोक तीन-चार वेगवेगळ्या गोष्टींना एकच नाव देतात आणि मग चुकीचा पार्ट बदलतात.

ठरावीक वेगाला थरथर हळूहळू सुरू होते, तो वेग ओलांडला की कमी होते, खड्ड्याशी काही संबंध नाही: हे बहुतेक वेळा चाकांचं बॅलन्सिंग. थरथर स्टिअरिंगपेक्षा सीटखाली आणि फ्लोअरला जास्त जाणवते, ॲक्सिलरेटर दाबला-सोडला की बदलते: प्रोपेलर शाफ्ट (इंजिनाची ताकद ॲक्सलपर्यंत नेणारा फिरता दांडा), म्हणजे लिफ्टमुळे जॉइंटचे कोन बिघडलेत. गाडी सरळ जातच नाही, सारखं स्टिअरिंग सावरावं लागतं, वळण घेतल्यावर स्टिअरिंग स्वतःहून मधे येत नाही: कॅस्टर, म्हणजे चाक ज्या रेषेभोवती वळतं तिचा मागचा कल, गेला. आणि खड्डा, पुलाचा जोड किंवा रस्त्यावरची शिवण ओलांडल्यावर एकदम सुरू होणारी, वेग पार उतरेपर्यंत न थांबणारी फडफड म्हणजे आपला आजचा विषय.

या शेवटच्या प्रकारात एक गंमत आहे. धक्का फक्त सुरुवात करून देतो. पुढची फडफड गाडी स्वतःच स्वतःला पुरवत राहते. चाक डावीकडे झुकलं की रस्ता त्याला परत ढकलतो, पण कुठेतरी ढिलाई असल्यामुळे ते मधे न थांबता पलीकडे जातं, तिथून परत. म्हणून एकटा दोषी शोधण्यात वेळ घालवू नका. एक जण ढकलत असतो आणि दुसरा दार उघडं ठेवतो. दोघेही सापडले तरच दुखणं जातं.

चिखल, हवा, बॅलन्सिंग

हसू नका, पण पाण्याचा पाइप घेऊन रिमच्या आतली बाजू धुवा. चिखलातून आल्यावर आतल्या कडेला चिकटलेला थर वाळून विटेसारखा होतो आणि बाहेरून दिसत नाही. ३१ इंचांचं टायर एका फेऱ्यात साधारण अडीच मीटर जातं, म्हणजे ताशी ८० ला चाक सेकंदाला नऊ वेळा फिरतं. १६ इंची रिमच्या कडेला १०० ग्रॅमचा गोळा चिकटला असेल तर या वेगाला तो साधारण सहा किलोच्या जोराने चाक ओढतो, तेही सेकंदाला नऊ वेळा.

(जाता जाता: टायर मोठे केल्यावर स्पीडोमीटर कमी दाखवतो. २९ चे ३१ केले की काटा पंचाहत्तरवर असताना गाडी खरी ८० ला असते. माझी गाडी 'पंचाहत्तरला' फडफडते हे मी सहा महिने सांगत फिरलो, ते चूकच होतं.)

वाळूसाठी हवा १५-१८ पीएसआयवर उतरवली होती का, आणि परत भरताना चारही चाकांत सारखी भरली का? पुढच्या दोन चाकांत फरक राहिला तरी पुरे. मग पुढची चाकं मागे, मागची पुढे करून बघा. थरकाप कमी झाला, वेग बदलला किंवा मागे सरकला तर टायर-रिममध्ये दोष आहे. काहीच बदललं नाही तर पुढे चला. रिम जास्त बाहेर काढणारे असतील, म्हणजे चाक फेंडरच्या बाहेर डोकावत असेल, तर तेही लक्षात ठेवा: चाक जितकं बाहेर, तितका प्रत्येक खड्डा स्टिअरिंगला लांब दांड्याने ढकलतो आणि बेअरिंगही लवकर जातात.

खरी परीक्षा: गाडी उभी, इंजिन चालू

माझ्या मते या कामात इतकी उपयोगी दुसरी चाचणी नाही, आणि तिला पाना लागत नाही. गाडी सपाट जमिनीवर, चारही चाकं जमिनीला टेकलेली. हँडब्रेक ओढलेला, गिअर न्यूट्रलमध्ये, मागच्या चाकांना अडणी. पॉवर स्टिअरिंग असेल तर इंजिन चालू. एक जण आत बसून स्टिअरिंग डावीकडे-उजवीकडे वीतभर हलवत राहील, चाकं वळवायची नाहीत, फक्त वजनाखाली ताणायची. तुम्ही बाजूने आडवे होऊन एकेका जॉइंटवर बोटं ठेवा.

डोळ्यांवर विसंबू नका. चांगला जॉइंट हाताला एकसंध लागतो, दोन्ही भाग एकत्र हलतात. खराब जॉइंटवर बोटाला 'टक्' लागतं, आधी एक भाग हलतो आणि क्षणभराने दुसरा. ड्रॅग लिंकची (स्टिअरिंग बॉक्सपासून चाकाकडे जाणारा दांडा) दोन्ही टोकं, टाय रॉडची (दोन्ही चाकांना एकमेकांशी जोडणारा दांडा) दोन्ही टोकं, स्टिअरिंग बॉक्स चासीवर जिथे बोल्टने बसवलाय ती जागा आणि मग पॅनहार्ड रॉड. चाकं जॅकवर उचलून हीच तपासणी केली तर अर्ध्या गोष्टी लपतात, कारण ताण निघून जातो. गॅरेजमध्ये नेमकं तेच होतं: लिफ्टवर गाडी चढवली, टाय रॉड हाताने हलवला, 'सगळं ओके आहे'.

पॅनहार्ड रॉड

इथे थोडं थांबूया, कारण माझ्या गाडीत अर्धं दुखणं इथेच सापडलं, आणि इतरांच्या गाड्या बघितल्या तेव्हाही बहुतेक वेळा हात पहिल्यांदा इथेच अडखळला.

पॅनहार्ड रॉडचं एक टोक चासीला, दुसरं ॲक्सलला. ॲक्सल डावी-उजवीकडे सरकू नये एवढंच त्याचं काम. त्यात एक मिलिमीटर जरी प्ले, म्हणजे ढिलाई, आला तरी अख्खा ॲक्सल तेवढा आडवा सरकतो, आणि ड्रॅग लिंक मात्र चासीवरच्या बॉक्सला बांधलेली असल्यामुळे ॲक्सल सरकला की चाकं वळतात. स्टिअरिंग तुम्ही धरून बसलात तरी.

मी ॲक्सलकडच्या टोकावर बोट ठेवलं तेव्हा टक् स्पष्ट लागलं. बोल्टच्या डोक्याभोवती तांबूस पूड जमली होती, जणू कोणी बारीक तिखट भुरभुरलंय. ही पूड दिसली की समजा, लोखंड लोखंडावर घासतंय. बोल्ट काढला. ब्रॅकेटचं भोक गोल राहिलंच नव्हतं, अंड्यासारखं लांबट झालं होतं, आणि बुशचं (रॉडच्या टोकातली रबरी कडी) रबर आतल्या स्लीव्हपासून, म्हणजे लोखंडी नळीपासून, अर्धं सुटलं होतं. बुश तर लिफ्टच्या वेळी नवा घातलेला!

नवा बुश इतक्या लवकर का फाटला, याचं उत्तर शोधायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला. रबरी बुशमध्ये आतली आणि बाहेरची स्लीव्ह रबराला चिकटवलेली असते. बोल्ट आवळला की आतली स्लीव्ह ब्रॅकेटमध्ये पक्की बसते आणि रॉड हलतो तो रबराला पीळ देऊन. लिफ्ट किट बसवताना गाडी स्टँडवर, ॲक्सल खाली लोंबकळत असतो. त्याच अवस्थेत सगळे बोल्ट आवळले आणि मग गाडी चाकांवर उतरवली की प्रत्येक बुश जन्मापासूनच पिळलेला राहतो. मग आडवाटेवर तो आणखी पिळतो आणि फाटतो. नियम साधा आहे: बोल्ट हलके लावा, गाडी चाकांवर उतरवा, पुढच्या बंपरवर दोन-चार वेळा जोर देऊन स्प्रिंग बसू द्या, आणि मगच टॉर्क पान्याने मॅन्युअलमधल्या आकड्यापर्यंत आवळा. रेडियस आर्म (ॲक्सलला चासीशी जोडणारा लांब आर्म), शॉकअपची खालची टोकं, पाट्यांच्या (लीफ स्प्रिंगच्या) शॅकल, म्हणजे टोकाच्या झुलत्या कड्या, सगळीकडे हेच.

अंडाकार झालेल्या भोकात जाडा वायसर घालून बोल्ट आणखी आवळणं हा उपाय नाही. भोक योग्य मापाच्या कडक पट्टीने वेल्ड करून परत गोल करावं लागतं, किंवा पुढच्या मापाच्या बोल्टसाठी नीट मोठं करावं लागतं. हे काम ज्याचा वेल्ड तुम्हाला डोळे मिटून भरवशाचा वाटतो त्याच्याकडेच द्या. ब्रॅकेट वेल्ड होतो. टाय रॉड, ड्रॅग लिंक, स्टिअरिंग आर्म यांना मात्र वेल्ड किंवा गॅसची ज्योत कधीच लावू नये.

लिफ्टमुळे आणखी एक होतं: मूळ लांबीचा पॅनहार्ड रॉड आता जास्त तिरका उभा राहतो आणि ॲक्सलला एका बाजूला ओढतो. ८५ सेंटीमीटरच्या रॉडची उतरण ५ वरून १० सेंटीमीटर झाली तर ॲक्सल साडेचार मिलिमीटरच्या आसपास सरकतो. एवढ्याने थरकाप होत नाही, पण स्टिअरिंग वाकडं बसतं, आणि ते ड्रॅग लिंकने मधे आणलं नाही तर स्थिरता नियंत्रणाचे दिवे लागणाऱ्या गाड्याही आहेत.

जॅक लावून

आता पुढचं एक चाक उचला. घड्याळातल्या ९ आणि ३ वर धरून हलवा: प्ले असेल तर टाय रॉड एंडवर नजर ठेवा. १२ आणि ६ वर धरून हलवा: प्ले लागला तर आतल्या माणसाला ब्रेक दाबून धरायला सांगा. ब्रेक दाबल्यावर प्ले गायब झाला तर हब बेअरिंग ढिलं. तसाच राहिला तर किंगपिनचं, म्हणजे चाक ज्या खुंटीवर वळतं तिचं, बेअरिंग किंवा बॉल जॉइंट.

किंगपिनवाल्या ॲक्सलमध्ये नुसता प्ले नसणं पुरेसं नाही. नकल, म्हणजे चाकासकट वळणारा भाग, फिरवायला थोडी ओढ लागली पाहिजे. तीच ओढ फडफडीला आवर घालते. टाय रॉड सोडून नकलच्या टोकाला तराजूचा काटा अडकवून ओढायचं आणि नकल हलायला किती किलो लागतात ते बघायचं. आकडा मॅन्युअलच्या खाली असेल तर किंगपिनखालच्या शिम, म्हणजे पातळ चकत्या, कमी कराव्या लागतात, आणि बेअरिंगच्या रेसवर रोलरचे खळगे उमटले असतील तर बेअरिंगच बदलायचं. पाण्यातून गाडी नेणाऱ्यांचे हे बेअरिंग लवकर जातात, कारण सील जुने झाले की पाणी आत शिरतं आणि ग्रीसचा लगदा होतो.

ढकलणारा कोण: कॅस्टर

ढिलाईने दार उघडं ठेवलं होतं. ढकलत होता कॅस्टर, किंवा त्याचा अभाव. सायकलचा पुढचा चिमटा मागे कललेला असतो, म्हणून हात सोडून सायकल सरळ जाते. गाडीत चाक ज्या रेषेभोवती वळतं ती रेषाही अशीच वरून मागे कललेली हवी.

रेडियस आर्म असलेल्या गाडीत आर्म आणि ॲक्सल जवळजवळ एकजीव असतात. गाडी उचलली की आर्मचं चासीकडचं टोक वर जातं आणि अख्खा ॲक्सल पुढे लवंडतो. हिशोब घरीच करा: ९० सेंटीमीटरचा आर्म, ५ सेंटीमीटरची लिफ्ट, म्हणजे सव्वातीन अंशांच्या जवळ. माझ्या गाडीचा मूळ कॅस्टर मॅन्युअलप्रमाणे ३ अंश होता. म्हणजे दोन इंच लिफ्टने तो शून्यावर आणून ठेवला होता! सगळं नवं आणि घट्ट होतं तोवर गाडीने सहन केलं, एक बुश फाटला आणि खेळ सुरू. वरखाली समांतर आर्म असलेल्या चार-लिंक सस्पेन्शनमध्ये हे नुकसान कमी होतं. पाट्यांवरच्या गाडीत नुसत्या जास्त कमानीच्या पाट्यांनी फारसं बिघडत नाही. लांब शॅकल मात्र बघून लावा. पुढच्या पाट्याचं शॅकल पुढच्या टोकाला असेल तर लांब शॅकलने कॅस्टर कमी होतो, मागच्या टोकाला असेल तर वाढतो.

मोजायला अलाइनमेंटच्या दुकानात जा आणि 'टो करा' (चाकांची आत-बाहेर दिशा जुळवा) एवढंच न म्हणता कॅस्टरचा आकडा मागा. सलग ॲक्सलला कॅस्टर 'ॲडजस्ट होत नाही' म्हणून तो बघतच नाहीत. घरी करायचं असेल तर चुंबकी कॅम्बर गेज (चाकाचा आत-बाहेर कल मोजणारं) हबला लावा, चाक २० अंश बाहेर आणि मग २० अंश आत वळवा. दोन्ही वाचनांतल्या फरकाची साधारण दीडपट म्हणजे कॅस्टर. दोन्ही बाजूंना वेगळा आला तर ॲक्सल वाकलाय का हेही बघावं लागेल.

परत आणायचे मार्ग: रेडियस आर्मसाठी विकेंद्री भोकाचे बुश किंवा चासीकडच्या टोकाला खाली घेणारे ब्रॅकेट, चार-लिंकला लांबी बदलता येणारे आर्म, पाट्यांना ॲक्सलखालची पाचरीसारखी शिम. मी बुश घातले आणि अडीच अंशांवर समाधान मानलं. हाव करू नका, कारण ॲक्सल मागे कलवला की पुढच्या डिफरन्शिअलचं नाक खाली जातं आणि पुढच्या प्रोपेलर शाफ्टच्या जॉइंटचा कोन वाढतो. फ्री व्हील हब (पुढची चाकं शाफ्टपासून सोडवणारे) असलेल्या गाडीत टू-व्हीलमध्ये तो शाफ्ट फिरतच नाही, म्हणून कळत नाही. कायम फोर-व्हील गाडीत लगेच गुरगुरायला लागतो.

एक इशारा खाली घेतलेल्या पिटमन आर्मबद्दल, म्हणजे स्टिअरिंग बॉक्सवरच्या, ड्रॅग लिंक हलवणाऱ्या आर्मबद्दल. 'ड्रॅग लिंक सरळ होईल' म्हणून तो सर्रास विकतात. ड्रॅग लिंक सरळ असण्यापेक्षा ती पॅनहार्ड रॉडला समांतर असणं महत्त्वाचं. दोघे समांतर असतील तर सस्पेन्शन वरखाली होताना दोघे सारखेच सरकतात. एकालाच खाली घेतलंत तर प्रत्येक खड्ड्यात गाडी आपणहून वळते.

टो, आणि शेवटी डॅम्पर

हे सगळं झाल्यावरच टो. दोन्ही चाकांच्या टायरवर मध्यभागी खडूने खूण करा, पुढच्या बाजूला खुणांमधलं अंतर मोजा, गाडी अर्धा फेरा पुढे ढकलून त्याच खुणा मागच्या बाजूला मोजा. सलग ॲक्सलला पुढचं अंतर थोडं कमी लागतं, बहुधा एक ते तीन मिलिमीटर. तुमच्या गाडीचा आकडा मॅन्युअलमधून घ्या.

मग मी जाडा डॅम्पर काढून टाकला आणि रिकाम्या मैदानात, डॅम्परशिवाय, आधी तीस मग पन्नासपर्यंत गाडी आडव्या चरांवरून नेली. रस्त्यावर हे करू नका. निरोगी ॲक्सलला सरळ चालायला डॅम्पर लागत नाही. तो दगड-खड्ड्यांचे झटके हातापर्यंत येऊ नयेत म्हणून असतो. चाकं एकदा हलली आणि गप्प बसली. त्यानंतर कंपनीचा मूळ, बारका डॅम्पर परत लावला, जो पहिल्या दिवशी 'गेलाय' म्हणून काढला होता आणि मी डिक्कीत ठेवला होता.

पहिल्या ५०० किलोमीटरनंतर सगळे बोल्ट परत टॉर्क पान्याने तपासले. पॅनहार्डचा एक पाव फेरा आत गेला. आता प्रत्येक नटवर आणि त्याच्या ब्रॅकेटवर मिळून पांढऱ्या रंगाची एकच रेघ ओढलीय. आडवाटेहून आलं की चाकं धुताना टॉर्च मारायचा, रेघ तुटलेली दिसली की पाना काढायचा. पॅनहार्डवरची रेघ गेल्या पावसानंतर एकदा तुटली होती.